हज्जालाची टोपली

—नाही, बसा हो, इतक्यात कुठे उठताय? वाटी अर्धीही झाली नाही. तर काय सांगत होते — मरायला टेकलेला डोंगर बघायची तयारी करून आले होते मी, सी नौफल. विमानातच रडून घेतलं होतं, म्हणजे उतरल्यावर कामाला मोकळी. वाटलं होतं, झाडं पिवळी पडलेली असतील, फांद्या झडलेल्या असतील, बायका हवालदिल होऊन ओट्यावर बसलेल्या असतील, आणि मी बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणतील, आलीस का गं दोरसाफ, आता तूच काय ते बघ. आणि सापडलं काय? हीच वाटी. अशीच काठोकाठ भरलेली. खालती हनियाने — खालती म्हणजे मावशी, माझी सख्खी, ती बघा दाराआडून बघतेय, नका बघू, लाजेल — लाजेल कसली, पण नका बघू — तिने वाटी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "कॅनडात उपाशी ठेवत होते काय तुला? खा." झालं. सात वर्षांनी परत आले, त्याचं एवढंच स्वागत.

ही असीदा, ही खीर, काळी कशाने? अहो, झगूगूने. पाइनच्या बिया वाटायच्या, गाळायच्या, आटवायच्या. तुम्ही राजधानीतले, म्हणून काय मूलीदला पांढरी असीदा करता घरी? परवा मूलीद, पैगंबरांचा जन्मदिवस, आज कुणाच्याही घरात शिरा, हाच रंग दिसेल. कुठून आणलं म्हणजे? बाजारातून. मक्थरच्या बाजारातून. हो हो, मला ठाऊक आहे, आमच्या सर्दूक डोंगरावर अकरा वर्षांत एक भरलेली बी धरलेली नाही, कागदावर तसंच आहे, आणि तो कागद माझ्याइतका कुणी वाचला नसेल. म्हणून तर म्हणते, बाजारातून. तुम्ही ठेकेदाराच्या तक्रारीवरून आलात ना? की रस्त्यावरून गाडीतून जातानाही झाडं शंकूंनी लवलेली दिसतात आणि वनखातं दर वर्षी शून्य लिहितं? गाडीतून! आम्ही दुर्बीण लावून मान मोडून घेतो, आणि याला गाडीतून दिसतं. शंकू दिसला म्हणजे आत बी असते असं थोडंच आहे? हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे — तुम्ही तपासनीस, तुम्ही हजारो कापले असतील. नाही? एकही नाही? ऑफिसातच असता? बरं. तुमचे बूट बघून मला वाटलंच होतं. छान आहेत. चेहरा दिसतो त्यांत.

मग ऐका. शंकू उभा कापायचा, देठापासून टोकापर्यंत, बरोबर मधोमध. कापलेल्या तोंडावर बिया दिसतात, दोन्ही अंगांना ओळीने बसलेल्या. पांढरीशुभ्र, ओली, खोबऱ्यासारखी दिसली तर भरलेली. नुसतंच टरफल आणि आत हवा, तर पोकळ. एका तोंडावर सहा तरी पांढऱ्या हव्यात, नाहीतर ते शंकू उतरवण्यात अर्थ नाही. असं तीस झाडांचं बघायचं — दुर्बिणीतून शेंड्याची एक बाजू मोजायची, एकेक शंकू कापायचा — आणि शेवटी फॉर्मवर एकच आकडा लिहायचा, शून्य ते पाच. शून्य म्हणजे यंदा डोंगराला हात लावायचा नाही. पाच म्हणजे लिलाव. कॅनडात आम्ही हे हेलिकॉप्टरमधून करायचो, खोटं नाही. मी दाराशी पट्ट्याने बांधलेली, खाली मैलच्या मैल रान, आणि मी वाऱ्यात ओरडून आकडे सांगतेय. आणि संध्याकाळी खोलीवर आलं की सर्दूकचे आकडे उघडून बसायचे. शून्य. शून्य. शून्य. दर सप्टेंबरात अम शाद्लींच्या त्या वळणदार अक्षरात: कापलेले शंकू तीस, भरलेल्या बिया शून्य. अम शाद्ली म्हणजे आमचे जुने वनरक्षक, याच वसंतात निवृत्त झाले, गुडघे गेलेत बिचाऱ्यांचे; त्यांच्या जागी खात्याने मला घेतलं. त्या शून्यांवर मी प्रबंध लिहिला, सी नौफल. दोनशे दहा पानं. डोंगर वांझ कसा होत गेला — ऊन, पाऊस, परागकण, सगळं त्यात. माझे प्राध्यापक वाचता वाचता चष्मा पुसायला लागले. तिथं नोकरी देत होते, नको म्हटलं. निरोपाच्या जेवणात उभी राहून म्हणाले, माझा डोंगर मरतोय आणि मी परक्यांची झाडं काय मोजत बसू? टाळ्या पडल्या. एक बाई तर रडली.

यंदाचा आकडा? सांगते ना. तेच सांगतेय. आल्याच्या चौथ्या दिवशी मी बूट चढवले आणि म्हटलं, निघते, तीस झाडं फिरून येते. खालती म्हणाली, "कशाला उन्हात करपतेस, बिंती, माझ्या लेकी? आम्ही आणतो की. एकेकीने आपल्या झाडाचा एक. तीस बायका, तीस शंकू." आता मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा! माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होतं, स्थानिक स्त्रियांचा सहभाग कसा वाढवावा, सतरा शिफारशींसकट. आणि इथं एकही शिफारस न वाचता तीस जणी टोपली घेऊन हजर! मी भारावून भाषण केलं. खरंच केलं. सीदी अम्मारच्या दर्ग्यामागे कबरस्तानात एक जुना पाइन आहे, त्याच्या सावलीत त्यांनी सतरंजी घातली होती, चहा ठेवला होता. भाषण झालं, मग सुरी घेतली. पहिला शंकू, हवा. दुसरा, हवा. दहावा, हवा. विसाव्याला मी सुरी खाली ठेवली. मी म्हटलं, बघताय ना, आपला डोंगर मरतोय. समोर गावातली मनूबिया बसली होती, तोंडात ओढणी कोंबून गदागदा हलत होती. तिच्या शेजारची भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, रडताहेत. मी उठून मनूबियाला मिठी मारली. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, धीर धर, मी आलेय ना आता.

हसा, हसा. तिलाही तेच येत होतं.

—हे सांगायला नको होतं मी. हे फॉर्मवर नाहीये. तुम्ही असं करा, आत्ता ऐकलं ते बाजूला ठेवा. चहा घ्या. पुदिना घातलाय. खरं म्हणजे मला तुम्हाला एकच वाक्य विचारायचं होतं, आणि मी बसले कुठलं पुराण लावून — पण आता मिठीपर्यंत आलेच आहे तर पुढचंही ऐकून घ्या, नाहीतर तुम्ही मनाने काहीतरी वाईटच जोडाल.

कापून झालं तरी दुर्बिणीची मोजणी राहिलीच होती. ती काही टोपलीतून येत नाही. तर गेले तीन आठवडे मी वर जायला निघाले की काहीतरी निघायचं. एकदा वाट खचली. एकदा रानडुकरीण व्यायलीय, माणसावर धावते. एकदा मनूबियाचं गाढव आजारी, आणि गाढवाशिवाय एकटी मुलगी वर गेली तर लोक काय म्हणतील — गाढव बरोबर असल्यावर काय म्हणतात ते मी विचारलं नाही. एकदा तर खालतीलाच चक्कर आली, दारातच, नेमकी माझ्या वाटेत, आणि पडताना हातातला चहाचा पेला तिने अलगद कट्ट्यावर ठेवला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. काल मात्र त्या सगळ्या बदाम सोलायला मनूबियाकडे बसल्या होत्या, मी मागच्या दाराने सटकले. वाट कुठे खचलेली नव्हती. दीड तासात मी सर्दूकच्या कण्यावर पोचले, दुर्बीण डोळ्याला लावली आणि — पहिल्यांदा वाटलं, काचेवर काहीतरी बसलंय. मी काच पुसली. शंकू होते ते. पहिल्याच झाडाच्या एका बाजूला एकशे बारा. एकाच फांदीवर तीन पिढ्या: टोकाला हिरवे, मग यंदा पिकलेले तपकिरी, आणि मागे जुने राखाडी, डिंकाने तोंडं मिटून बसलेले. दुसऱ्या झाडावर नव्वद. तिसऱ्यावर मोजता मोजता आकडा विसरले. वाऱ्याने मोडून पडलेल्या फांद्यांवरचे दहा शंकू गोळा केले, दगडावर ठेवून कापले. आठ पांढऱ्या. नऊ. अकरा. सात. दहा. सुरीला दूध लागल्यासारखा चिकट ओलावा. वांझ डोंगर! माझे प्राध्यापक चष्मा पुसत होते!

आणि तुम्हाला एक सांगू? हे मी खालतीलाही बोलले नाही. मला आनंद व्हायला हवा होता ना? डोंगर ठणठणीत होता. माझ्या जन्मात इतकं पीक मी बघितलेलं नाही, ना इथं, ना तिथं हेलिकॉप्टरमधून. आणि मी त्या दगडावर बसून रागाने धुमसत होते. का, तर त्याला माझी गरजच नव्हती. सात वर्षं मी त्याचं आजारपण उराशी धरून हिंडले, लोकांना सांगत सुटले, त्यावर शिष्यवृत्ती मिळवली, आणि हा इथं मजेत उभा. कुणाचं तरी औषध घेऊन धावत यावं आणि तो माणूस दारात भाकरी खात बसलेला दिसावा, तसं. लाज वाटली मग. पण आधी राग आला, ते खरं.

आणि तेवढ्यात मला पार्सलं आठवली. दर वर्षी मूलीदच्या आधी खालती मला पार्सल पाठवायची. कापडी पिशवी, आत दोन किलो झगूगू, वर चिठ्ठी: "आपल्या डोंगराचं. वाटून खा." आपल्या डोंगराचं! सात पार्सलं, सी नौफल. त्या डोंगरावर बी धरत नाही हे दोनशे दहा पानांत सिद्ध करताना मी त्याच डोंगराच्या बियांची असीदा खात होते. चमचा एका हातात, पेन दुसऱ्या हातात. पान एकशे चाळीसवर काळा डाग पडलाय, अजून आहे. पुरावा समोर वाटीत होता आणि मी त्यावर मलई घालून —

हो. बाजारातून नाही आणलं. आलं लक्षात तुमच्या. घ्या, अजून थोडी घ्या, आता काय लपवायचं?

खाली आले ती थेट मनूबियाच्या अंगणात. बदामांच्या ढिगाभोवती सगळ्या बसलेल्या. मी ते दहा कापलेले शंकू मधोमध ओतले. मग खालती एक उचलून म्हणाली, "छान भरलाय." एवढंच! मी विचारलं, "मग टोपलीतले कुठले होते?" तर सगळ्यांच्या माना वळल्या दर्ग्याकडे, कबरस्तानातल्या त्या एकट्या पाइनकडे. त्याच झाडाखाली बसून मी भाषण केलं होतं! त्याला हज्जाला म्हणतात, हज्जाला म्हणजे विधवा. गावात दुसरा पाइन नाही, सर्दूकचं रान वर दीड तासावर, मधे खडक, वारा उलटा. तिच्यावर पराग उडतो तो तिचाच. शंकू धरतात, मोठे, देखणे, वजनाला चांगले — आणि आत हवा. हे मला शिकायला दोन वर्षं लागली, प्रयोगशाळेत. मनूबिया बदाम सोलता सोलता म्हणाली, "एकटीने काय होणार, बाई? शेजारी कुणी नको का?" आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या, म्हाताऱ्यासुद्धा. अकरा वर्षं! अकरा वर्षं या बायकांनी अख्ख्या खात्याला मामा बनवलं, सतरंजी आणि चहावर. आणि माझा प्रबंध म्हणजे एका विधवेचं चरित्र. अगदी अचूक आहे हो ते, तिच्यापुरतं एकही वाक्य चुकीचं नाही.

मी म्हटलं, "निदान मला तरी सांगायचं!" खालती म्हणाली, "तू खात्याची. बॅग उघडलीस तर वर फॉर्म होते, खाली कपडे." मी म्हटलं, "तुम्ही सरकारला फसवता." ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर," आणि हाताला धरून गावाच्या टोकाला नेलं. तिथून बूहलाल दिसतो. तुम्ही येताना डाव्या हाताला बघितलात तो — टक्कल पडलेला. हो, तोच. बारा वर्षांपूर्वी त्यावरही असंच रान होतं. हिवाळ्यात लिलाव झाला, ठेकेदाराची माणसं आली, ट्रक भरभरून शंकू नेले. तपकिरी नेले ते ठीक. राखाडीसुद्धा ओरबाडले. आणि पुढच्या ऑगस्टात वणवा लागला. आता हे तुम्ही ऑफिसातही वाचलं असेल: हा पाइन जळायला घाबरत नाही. जुने शंकू वर मिटून ठेवतो तो कशासाठी? आगीने डिंक वितळतो, शंकू उघडतात, राखेत बी पडते, पहिल्या पावसाला कोंब. डोंगराने अडीअडचणीला वर बांधून ठेवलेली शिदोरी असते ती. बूहलालवर उघडायला काही उरलंच नव्हतं. मी चौदा वर्षांची होते. त्या धुराचा वास कितीतरी दिवस माझ्या केसांतून गेला नाही. त्या वासापायीच तर मी हे शिकायला गेले. आणि माझ्या पाठीमागे या बायकांनी, कुणाला न विचारता, पुढच्याच सप्टेंबरात पहिली टोपली भरली.

स्वतः घेत नाहीत असं नाही. घेतात, असीदा काय हवेची होते? पण काठीने. आकडी लावलेली काठी, तीन वाव लांब, दर्ग्याच्या भिंतीवर खूण आहे, हंगामाआधी प्रत्येकीने आपली काठी तिथं लावून दाखवायची. काठी पोचते तिथपर्यंत घरचं, त्याच्या वरचं डोंगराचं. झाडावर चढायचं नाही, राखाडीला हात लावायचा नाही. एकदा एकीच्या सुनेने काठीला वीतभर वेळू बांधला, तर त्या मूलीदला तिच्या घरची असीदा कुणी खाल्ली नाही. एक वाटीसुद्धा. अजून सांगताना तिची सासू रडते. आता मला सांगा, मी सतरा शिफारशी लिहिल्या होत्या, त्यात असं काही होतं?

अम शाद्लींना ठाऊक होतं का? — तुम्ही त्यांची पेन्शन थांबवणार असाल तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नाही ना? शब्द द्या. — मी काल तिथूनच त्यांच्याकडे गेले. पाय शेकत बसले होते. म्हटलं, अम शाद्ली, तुम्ही अकरा वर्षं एकाच झाडाचे शंकू कापलेत. ते म्हणाले, "पोरी, मी चाळीस वर्षं वनरक्षक होतो. विधवेचा शंकू मला वासावरून कळतो." मग म्हणाले, "फॉर्मवर विचारलं होतं, किती कापले, किती भरले निघाले. मी खरं तेच लिहिलं. कुठल्या झाडाचे, हे कुणी विचारलंच नाही. वर ऑफिसातून अकरा वर्षांत एक माणूस बघायला आला असता तर मी त्याला कण्यावर नेलं असतं, गुडघे फुटले असते तरी." रागावू नका. तुमच्याबद्दल नव्हते म्हणत. म्हणजे, तुमच्याबद्दलच म्हणत होते, पण नाव घेऊन नाही.

तर काल संध्याकाळी तुमचा फोन आला, उद्या येतो, फॉर्म तयार ठेवा. आणि आमच्या घरात जुंपली. खालती म्हणते, शून्य लिही, अकरा वर्षं शून्यानेच डोंगर राखलाय. मी म्हणते, आणि बूहलाल? शून्य लिहिलं की बी गोळा करायला परवानगी नाही, बी नाही म्हणजे रोपवाटिका नाही, म्हणजे तो जन्मभर टकलाच! तर तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं. मग हळूच म्हणाली, "आम्ही पेरलं होतं तिथं. तीन वर्षं. पोत्याने नेऊन पेरलं. काही उगवलं नाही. शापच आहे त्या जागेला." मी विचारलं, "कुठलं बी?" — "हेच. झगूगू." — "भट्टीत उघडलेलं?" — "मग काय दातांनी उघडू? शंकू पावाच्या भट्टीत घातल्याशिवाय उघडतो का कधी?" अहो, भाजून पेरलं त्यांनी! तीन वर्षं, पाठीवर पोती वाहून, डोंगरभर फुटाणे पेरले! असीदेला चालतं, बी भाजलेली असली तर उलट खमंग लागते, पण उगवणार कशी? मी म्हटलं, "खालती, बी मेली होती गं. शाप नाही. शंकू उन्हात चादरीवर उघडायचे, भट्टीत नाही." ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हे तुला तिकडे शिकवलं?" म्हटलं, "हो." म्हणाली, "एवढं एक पत्राने कळवलं असतंस तर." आणि डोळे पुसले तिने. आता मला ओळखता येतं, कुठलं हसणं आणि कुठलं रडणं. हे रडणं होतं.

मूठमूठ पेरून बूहलाल भरायचा नाही. रोपं हवीत, शेळ्यांपासून कुंपण हवं, आणि ते खात्याशिवाय होत नाही. म्हणजे खरा आकडा लिहायला हवा: पाच. पण पाच लिहिले की सोमवारी लिलाव, की सर्दूकचाही बूहलाल. एकच वाट आहे, आणि ती फॉर्मच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात आहे. चौकोन आहे तिथं, "बियाण्यासाठी राखीव". त्यावर खूण झाली की लिलाव नाही; बी खात्यासाठी गोळा होणार, गावातली माणसं लावून, खालच्या ओळीत लिहिलेल्या उंचीपर्यंतच. मी "तीन वाव" लिहूनही ठेवलंय. पण ती खूण मी नाही करू शकत. तपासनीसाने करायची, आणि ती सुद्धा स्वतः डोंगरावर जाऊन, स्वतःच्या हाताने शंकू कापून. आमच्या जिल्ह्यात तो चौकोन आजवर कोराच आहे. का, ते तुमचे बूट सांगतात. माफ करा. पण सांगतात.

आज पहाटे खालती उठायच्या आधी मी हज्जालाखाली जाऊन बसले. दहा मिनिटं. सुरी होती बरोबर. एक क्षण वाटलं, कापावेत हिचेच तीस, लिहावं शून्य, माझा प्रबंधही खरा ठरेल, डोंगरही वाचेल, आणि सगळ्यांचं सगळं जिथल्या तिथे राहील. मग उजाडलं आणि समोर बूहलाल दिसायला लागला, आधी कडा, मग ते उघडं अंग. मी घरी आले आणि शाईने लिहिलं. काल बघितलेली झाडं, कापलेले दहा शंकू, भरलेल्या बिया, आकडा पाच. इथं आहे, जाकिटाच्या आतल्या खिशात. आणि खालतीला म्हटलं, तू तुझी टोपली भर. ती बघा, तुमच्या मागेच आहे, ओल्या फडक्याखाली. हज्जालाचेच आहेत, ताजे. असं ठरवलं मी आज सकाळी: जो माणूस वर चढेल त्याच्या हातात खरा फॉर्म द्यायचा. जो इथं सतरंजीवर बसून राहील त्याच्यापुढे टोपली ठेवायची, सुरी द्यायची, कापा म्हणायचं, आणि निघेल ते लिहून घ्यायचं. मी तोंडातून खोटा शब्द काढणार नाही. पण खरं बसल्या जागी मिळणार नाही कुणाला. तुम्हाला नुसतं विचारायचं होतं, "वर येता, की इथंच बसता?" एवढं एक वाक्य. दहा वेळा घोकलं होतं. आणि बघा, मी काय केलं. ती दारामागे कपाळावर हात मारतेय ना? दोनदा मारला, मी ऐकला.

आता सगळं तुमच्या हातात आहे, सी नौफल. वाटीसकट. तुम्ही आत्ता गाडीत बसलात आणि ऐकलं ते ऑफिसात सांगितलंत, तर सोमवारी ट्रक येतील. आणि मला सात वर्षं काय शिकवलं ते मी बूहलालकडे बघत आठवत बसेन. — रागावलात? सुरी का उचलताय? टोपली हवीय? खालती, ती टोपली जरा इकडे —

अहो, बूट का काढताय?

थांबा, अनवाणी नाही जाता येत वर, काटे आहेत. खालती! टोपली राहू दे, ते अम शाद्लींचे बूट आण, काल त्यांनी दिलेले, दारामागचे. हो, तूच आण, चक्कर आल्याचं सोंग नंतर कर. नंबर त्रेचाळीस आहे, तुम्हाला थोडे सैल होतील, आत कापड कोंबा. सुरी घेतलीत? ती घ्याच. तीस कापायचे आहेत, तुमच्याच हाताने. दीड तास आहे चढ, आणि वर पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही, दम लागतो. मीसुद्धा नाही. बघाच तुम्ही, आता एक अक्षर —